आईची वऱ्हाडी टेक्सासला

"तुझी स्वतःची आई आहे ना? मग माझी कशाला लागते?"

हे मी रविवारी सकाळी सात वाजून बारा मिनिटांनी विचारलं. नाइटसूटमध्ये, केस न विंचरता, आईच्या खांद्यावरून लॅपटॉपमध्ये तोंड घालून. पलीकडे तनया होती, आईची ऑनलाइन विद्यार्थिनी. ती टेक्सासमध्ये डॅलसजवळ राहते, म्हणून तिच्याकडे अजून शनिवारच चालू होता. तिच्या हातात पेन्सिल होती, ती तशीच हवेत राहिली. आईने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तिचे फक्त कान लाल झाले.

प्रश्न माझा एकटीचा नव्हता, हे आधीच सांगते. डेअर होतं. शुक्रवारी शाळेबाहेर मोमोच्या गाडीवर मी तनयाचं रडगाणं चौथ्यांदा गायला लागले, तेव्हा गुरलीन वैतागली. "यार बोधी, डिबेट में तू पूरे हॉल को चुप करा देती है. घर में एक लड़की से नहीं पूछा जाता?" फलकने बोटाची लाल चटणी चाटत फर्मान काढलं, "पूछ के दिखा. नहीं पूछा तो पूरा हफ़्ता हमारे बैग तू उठाएगी."

बॅगांची मला भीती नव्हती. पण मागच्या वर्षापर्यंत मी हजेरीलासुद्धा बेंचला ऐकू जाईल इतकंच 'प्रेझेंट' म्हणायचे. या वर्षी इंटर-स्कूल डिबेटमध्ये दुसरी आले आणि तेव्हापासून माझ्यात काहीतरी शिरलंय. कोणी 'करून दाखव' म्हटलं की माझे पाय आपोआप चालायला लागतात.

तर माझं नाव संबोधी, बारावी, आर्ट्स. आम्ही मयूर विहारला राहतो. पप्पा एका मंत्रालयात आहेत. माझ्या आईचं नाव दीपमाला, आणि तिने अमरावतीहून मराठीत एम.ए. केलंय, फर्स्ट क्लास. मग लग्न होऊन दिल्लीला आली. आता सांगा, दिल्लीत मराठीच्या एम.ए.चं करायचं काय? आईने एकोणीस वर्षं सोसायटीतल्या मुलांच्या हिंदीच्या ट्यूशन घेतल्या. तिच्या डिग्रीची फाइल लोखंडी कपाटात गॅसच्या कागदांखाली असायची.

या मार्चमध्ये तिने ऑनलाइन चार ओळी टाकल्या, 'मराठी शिकवते' अशा. आठवड्याने डॅलसहून तनयाच्या बाबांचा मेसेज आला. मुलीला मराठी शिकवायची आहे, पण पुस्तकातली नको. तुम्हाला वऱ्हाडी येते का?

या एका ओळीला उत्तर द्यायला आईने दोन दिवस घेतले, असं पप्पा म्हणतात. मग लिहिलं, 'हो.'

मला तर हेही माहीत नव्हतं, की तिला येते.

आमच्या घरातली मराठी म्हणजे बातम्या देणाऱ्या बाईची मराठी. मी घाईत 'माझ्याला दे' म्हटलं तरी आई भांडी घासता घासता थांबते. "मला. संबोधी, 'मला दे'." माझी भाषा इस्त्री करून ठेवल्यासारखी आहे ती आईमुळे. बाहेर हिंदी, शाळेत इंग्लिश आणि घरी ही कडक इस्त्रीवाली मराठी. मला वाटायचं आई अशीच बोलत जन्माला आली.

मग तो पहिला रविवार आला. मी ब्रश करत होते. खोलीचं दार बंद होतं आणि आतून एका बाईचा आवाज येत होता. "अवं पोरी, असं पुटपुटून काहून बोलून रायली? मोठ्यानं बोल ना जरा. मी काय तुले खाऊन रायली का?"

मला खरंच वाटलं, कोणीतरी पाहुणी आली आहे. मग ती बाई हसली, आणि त्या हसण्याच्या शेवटी येणारा छोटासा खोकला माझ्या आईचा होता.

त्या दिवशी आई तिला स्वतःची गोष्ट सांगत होती. आईचे वडील, भाऊराव, जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस तोलायचे. शाळा सुटली की आई तिथे जायची आणि कापसाच्या ढिगावरून घसरत यायची. डोक्यापासून पायापर्यंत पांढरी होऊन घरी गेली की तिची आई म्हणायची, "आली पाय आमची बुढी!" पुढे बाहेरच्या देशातला कापूस स्वस्त पडायला लागला, ते जिनिंग बंद झालं, आणि भाऊराव एका शाळेत शिपाई झाले. पण आई हे रडत नव्हती सांगत. ती ढिगावरून घसरतच होती अजून.

माझ्यासाठी भाऊराव म्हणजे हॉलमधला फोटो. बाबासाहेबांच्या फोटोखाली, उजवीकडे. ते कापूस तोलायचे हे मला सतरा वर्षांत कोणी सांगितलं नाही. आणि तिकडे टेक्सासमध्ये एक मुलगी "बुढी! बुढी!" करत खिदळत होती.

मी पेस्ट थुंकली आणि बेसिनचा नळ मुद्दाम जोरात सोडला.

तेव्हापासून पाच महिने मी जळते आहे. जळते म्हणजे अगदी व्यवस्थित, वेळापत्रक लावून, दर रविवारी सात ते आठ. आईने क्लाससाठी पाठ टेकायची चांगली खुर्ची घेतली. माझ्या टेबलाची खुर्ची तीन वर्षं डुगडुगते आहे. तनयाच्या नावाची वेगळी वही आहे आणि त्यात आई तिच्यासाठी चांदण्या काढते. सतरा वर्षांची घोडी ती, तिला चांदण्या! रविवारचे पोहे आता पप्पा करतात आणि त्यांच्या पोह्यांत मोहरी एक तर कच्ची असते नाहीतर कोळसा. क्लास संपवून आई बाहेर येते तेव्हा तिचे गाल गरम असतात, आणि दार ओलांडता ओलांडता ती बदलते. "संबोधी, दूध तापवलंस का?" इस्त्री परत कडक.

यात शाळेने तेल ओतलं. पॉलिटिकल सायन्समध्ये ग्लोबलायझेशनचा धडा चालू होता. मॅडम म्हणाल्या, पुस्तकातली उदाहरणं मला पाठ आहेत, तुमच्या घरातली आणा. तीन रकाने करा: आर्थिक, राजकीय, सांस्कृतिक. गुरलीनचं काम सोपं, तिचे चाचा कॅनडात ट्रक चालवतात. फलकने दर महिन्याला मागवत असलेल्या कोरियन क्रीमवर दोन पानं लिहिली. मी लिहिलं:

आर्थिक: माझ्या आईची जी भाषा दिल्लीत एकोणीस वर्षं कोणी फुकट घेतली नसती, तिचे टेक्सासमधून डॉलर येतात.

सांस्कृतिक: ती भाषा आता टेक्सासच्या मुलीला येते. मला येत नाही.

राजकीय: कोरं. आमच्या घरात राजकारण म्हणजे पप्पा आणि आईचं एसी कितीवर ठेवायचा यावरून जे चालतं तेवढंच.

मॅडमनी सांस्कृतिकच्या रकान्याशेजारी 'व्हेरी ऑनेस्ट' लिहिलं. मला तर ते वाचून आणखीच राग आला.

तर, त्या रविवारी मी प्रश्न विचारला.

तनयाने पेन्सिल खाली ठेवली. मला वाटलं रडेल, किंवा सरळ लॅपटॉप बंद करेल. ती विचार करत होती, एकेक शब्द शोधत.

"आहे ना आई," ती म्हणाली. "पन माही आई तेलुगू आहे. तिले आजीचं बोलनं समजत नाई. आजीले दुसरं बोलता येत नाई. म्हनून तुही आई पायजे."

माझ्या आईचे शब्द, माझ्या आईची चाल, आणि त्यात कुठेतरी टेक्सासचा 'र'. मला त्या 'र'चासुद्धा हेवा वाटला.

"मग आजीकडे ये ना सरळ," मी म्हटलं. डिबेटवाली मी, अशी थोडीच सोडणार. "वऱ्हाड काय चंद्रावर आहे का?"

मग ती इंग्लिशमध्ये गेली, कारण एवढं तिला वऱ्हाडीत सांगता येईना. तिचे बाबा कामाच्या व्हिसावर आहेत. एकदा देशाबाहेर पडलं की परत शिरण्यासाठी पासपोर्टवर नवा शिक्का लागतो, आणि तो शिक्का किती दिवसांत मिळेल, मिळेल का, हे कोणी सांगत नाही. नियम सारखे बदलतात. तिच्या बाबांच्या ऑफिसने सांगून ठेवलंय, शक्यतो कुठे जाऊ नका. म्हणून ती नऊ वर्षांची असताना आजीला शेवटची भेटली. आता आजीच तिकडे जाणार आहे, महिनाभरासाठी. मुंबईची तारीख मिळाली नाही, दिल्लीची मिळाली. पुढच्या महिन्यात इंटरव्ह्यू आहे.

म्हणजे माझा कोरा राहिलेला राजकीय रकाना तिच्या घरात काठोकाठ भरलेला होता. खरं सांगू? पहिला विचार माझ्या मनात हाच आला, की हिच्या घरातलं राजकारणसुद्धा आमच्यापेक्षा भारी आहे.

आईने लॅपटॉप स्वतःकडे वळवला. ती स्क्रीनकडे बघून म्हणाली, "आजी दिल्लीले येऊन रायली, तं आमच्या घरी उतरन. हॉटेलात कायले? सांग तुह्या बाबाले."

आम्हाला, म्हणजे मला आणि पप्पांना, तिने विचारलंही नाही.

तनयाची आजी, वैजयंती आजी, सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात आल्या. पप्पा स्टेशनवर जाऊन घेऊन आले. एकाहत्तर वर्षांच्या, काटक, नऊवारी, एका हातात कापडी पिशवी आणि दुसऱ्या हातात ठेच्याची बाटली. बाटली त्यांनी गाडीतही खाली ठेवली नव्हती म्हणे. दारातून आत आल्या, हॉलमधल्या बुद्धांकडे बघितलं, बाबासाहेबांकडे बघितलं, भाऊरावांकडे बघितलं. आई पाण्याचा ग्लास घेऊन उभी होती आणि तिची नजर आजींच्या चेहऱ्यावरून हलत नव्हती. मला कळत होतं ती काय बघते आहे. या गोष्टी आमच्यात कोणी बोलून दाखवत नाही, पण बघतात सगळे.

आजींनी ग्लास घेतला, एका दमात संपवला आणि परत पुढे केला. "अजून दे वं माय. थ्या गाडीत सारं पानी गरम देल्लं मले."

आईचे ताठरलेले खांदे एकदम सैल पडले. आणि तिथून पुढे दोन दिवस आमच्या घरात मीच पाहुणी होते.

दोघी ओट्याशी उभ्या राहून बोलायच्या, भाजी निवडताना बोलायच्या, गॅलरीत कपडे वाळत घालताना बोलायच्या. दर्यापूरच्या बाजाराबद्दल, कोणाच्या लग्नात कोण रुसलं त्याबद्दल, कुठल्याशा मास्तरांच्या छत्रीबद्दल. आई टाळ्या देत हसायची. माझी आई, टाळ्या! मी आत गेले की ती माझ्याकडे वळून म्हणायची, "संबोधी, चहा घेणार आहेस का?" आणि पुन्हा तिकडे वळून, "हं, मंग का झालं वं काकू?" दार उघडावं, मला बघून लोटावं आणि पुन्हा आतल्या आत गप्पा चालू व्हाव्यात, तसं. एकच खोली होती, तरी मी बाहेर होते.

इंटरव्ह्यूच्या आदल्या दुपारी आईने कागदांची फाइल लावली. मी टेबलाशी बसून अभ्यासाचं नाटक करत होते.

"काकू," आई म्हणाली, एकदम इस्त्रीच्या मराठीत, "उद्या तिथे मराठी समजणारी दुभाषी बाई असेल, तसं आपण कळवलंय. पण तिथे असं नाही चालणार. जरा शुद्ध बोलावं लागेल. नाहीतर त्यांना वाटेल..." आणि काय वाटेल ते तिने सांगितलं नाही.

"मले कुठी येते वं थे?" आजी म्हणाल्या.

माझं पुस्तक मिटलंच आपोआप. "मी शिकवते!"

पाच महिने मी राखीव खेळाडूसारखी बाहेर बसले होते, आणि अचानक बॅटिंग माझी होती. वऱ्हाडी तनयाला येत असेल, पण शुद्ध? शुद्ध म्हणजे मी! मी पप्पांचा वाचायचा चष्मा लावला, टेबलाच्या पलीकडे बसले आणि साहेब झाले.

"तुम्हाला अमेरिकेला का जायचं आहे?"

"नातीले पाह्याले. अजून कायले जाऊ या म्हाताऱ्या वयात?"

"असं नाही, आजी. म्हणा, 'मला माझ्या नातीला भेटायचं आहे.'"

"मला माझ्या नातीला भेटायचं आहे," आजी म्हणाल्या. शाळेत कविता म्हणतात तशा, हात मांडीवर ठेवून.

"शाब्बास. तुम्ही परत याल हे कशावरून?"

"परत नाई येईन तं का करीन?" आजी हसायला लागल्या. "माह्या तीन बकऱ्या हायेत घरी. शेजारनीच्या भरवशावर टाकून आली. थे बाई चार दिस पायीन, मंग देईन सोडून लोकाच्या वावरात. मंग भांडनं कोन निस्तरीन? आन् थे काळी गाभन हाय. तिले माह्याबिगर कोनी हात लावू देत नाई."

"आजी, बकऱ्या नको!" मी कपाळावर हात मारला. "साहेबासमोर बकऱ्या? म्हणा, 'माझं घर आणि शेती गावात आहे. माझी मालमत्ता भारतात आहे.'"

आजींनी ते वीस वेळा म्हटलं. अकराव्या वेळी त्यांच्या कपाळावर घाम आला. मी त्यांना पाणी दिलं आणि बाराव्या वेळी पुन्हा म्हणायला लावलं. आई दारात उभी राहून ऐकत होती. एक क्षण मला वाटलं ती मला थांबवणार आहे. तिचे ओठ उघडले होते.

"संबोधीचं बरोबर आहे, काकू," ती म्हणाली. "असंच बोला."

डिबेटचा कप घेताना मला जेवढा आनंद झाला नव्हता तेवढा झाला. संबोधीचं बरोबर आहे. तनयाच्या वहीत चांदण्या असतील, हे वाक्य नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत होते. आई आणि पप्पा आजींना घेऊन गेले. आत फक्त आजींनाच सोडलं, हे दोघे बाहेर फुटपाथवर झाडाखाली थांबले. मी घरी आले तेव्हा तिघंही हॉलमध्ये बसले होते, आणि चहाचे कप भरलेले होते, कोणी उचलले नव्हते.

"नाई म्हने," आजींनीच मला सांगितलं. आवाज नेहमीसारखाच. "एक कागद देल्ला आन् पासपोर्ट परत केला."

"पण का? तुम्ही सगळं बरोबर बोललात ना?"

"समदं बोलली. नातीचं बोलली. मालमत्तेचं बोलली. मंग थ्या काचेमागच्या बाईनं इचारलं, आजी, गावात तुमचा दिवस कसा जाते? हे काई आपल्या पाठात नव्हतं." आजींनी माझ्याकडे बघितलं, तक्रार म्हणून नाही, नुसतं बघितलं. "मले वाटलं, चुकीचं काई बोलली तं गेलं समदं. म्हनून मी पुना म्हटलं, माझी मालमत्ता भारतात आहे. तिनं साहेबाले सांगतलं. साहेबानं अजून काईतरी इचारलं. मी पुना थेच म्हटलं. मंग साहेब हासला आन् कागद काढला."

पप्पा म्हणाले, "नाही म्हणायला त्यांना कारण लागत नाही हो. लाखो लोकांना नाही म्हणतात. परत अर्ज करता येतो." ते फार चांगले आहेत, पण अशा वेळी त्यांचा आवाज फाइलवर शेरा मारल्यासारखा येतो.

आई स्वतःच्या तळहाताकडे बघत होती.

आणि आता जे लिहिणार आहे ते मी गुरलीनला आणि फलकलाही सांगितलेलं नाही. त्या क्षणी, सगळ्यात आधी, वाईट वाटायच्याही आधी, मला बरं वाटलं. तनयाला आजी मिळणार नाही. एक तरी गोष्ट तिला मिळणार नाही. एखादा सेकंद असेल. पण होतं ते, मी ओळखलं त्याला.

तेवढ्यात आजींचा फोन वाजला. तनयाच. तिच्याकडे पहाटे साडेपाच झाले असतील. आजींनी स्पीकर लावला, कारण त्यांना एका कानाने कमी ऐकू येतं. बाबांनी तिला आधीच कळवलं असणार, तिचं नाक चोंदलेलं होतं. मला वाटलं आता व्हिसाचं रडेल.

"आजी," ती म्हणाली, "जेवली का?"

"जेवली वं माय."

"काळी कशी हाय? शेजारीनबाईनं फोन केल्ता का? तिले चारा कोन देऊन रायलं?"

"केल्ता ना! आज सकाळीच केल्ता. म्हने काळी खातच नाई, दाराकडं पाहून रायली नुसती." आणि आजी सोफ्यावर मांडी घालून बसल्या आणि बोलायला लागल्या. सकाळी पाचला उठून गोठा कसा झाडतात, कोणती बकरी कोणाच्या कुंपणात शिरते, संध्याकाळी पारावर कोण कोण बसतं, कोणाच्या घरी दूध द्यायचं असतं. मध्ये मध्ये तनया विचारत होती आणि आजी हातवारे करून सांगत होत्या, जणू ती समोर बसली आहे. दहा मिनिटं. सगळा दिवस सांगितला त्यांनी, उठल्यापासून झोपेपर्यंत.

काचेमागच्या बाईला नेमकं हेच हवं होतं. आणि ते मी काढून टाकलं होतं. बकऱ्या नको म्हणून.

मी आतापर्यंत समजत होते, तनया माझ्या आईकडून शब्द घेते. ती शब्द घेऊन काळ्या बकरीपर्यंत पोहोचली होती. दोन दिवस ही आजी माझ्याच पलंगावर झोपत होती, आणि मी तिला एकदाही विचारलं नव्हतं की तुमचा दिवस कसा जातो. मला तनयाचा इतका हेवा वाटला की डोळ्यांत पाणी आलं. पण या वेळचा हेवा वेगळा होता. आधी मला वाटायचं तिच्याकडून काढून घ्यावं. आता वाटलं, मला हे का येत नाही?

मी आजींना सांगितलं, त्यांनी फोन ठेवल्यावर. "आजी, माझी चूक झाली. मी तुम्हाला तुमचं बोलू दिलं नाही."

"तुही काय चूक वं," आजी म्हणाल्या. "तू तं लेकरू."

"तिची नाही," आई म्हणाली. तिचा आवाज फाटला होता. "माझी आहे."

आजी दुसऱ्या दिवशी गेल्या. ठेच्याची बाटली अर्धी ठेवून.

त्या संध्याकाळी मी पप्पांना मेट्रो स्टेशनवर गाठलं आणि घरापर्यंत चालता चालता विचारलं, की आईने हे वऱ्हाडी बोलणं का सोडलं? पप्पांनी आधी इकडचं तिकडचं सांगितलं. मग सोसायटीच्या गेटपाशी थांबले. लग्नानंतर पहिल्याच वर्षी ते आईला एका मराठी मंडळाच्या कार्यक्रमाला घेऊन गेले होते. आईला तिथे दोन शब्द बोलायला सांगितलं. कॉलेजात बक्षिसं मिळवलेली मुलगी ती, उत्साहाने उठली आणि पहिल्याच वाक्यात 'काहून' म्हणाली. पुढच्या रांगेतल्या बायका हसल्या. नंतर चहाच्या वेळी एकीने विचारलं, "तुम्ही नक्की कुठल्या हो? आणि आडनाव काय म्हणालात?" आई हसून उत्तर देऊन आली. आणि घरी आल्यावर तिने पप्पांना सांगितलं, आपल्या मुलांना असं कोणी विचारणार नाही.

"वर्षभरात बदललं तिने सगळं," पप्पा म्हणाले. "झोपेतसुद्धा. मी बघितलंय."

म्हणजे माझी कडक इस्त्री कोणत्या कापडावर बसवली होती ते मला कळलं. मी इतकी चिडले, की कोणावर चिडले तेच समजेना. त्या बायकांवर, आईवर, आणि तनयावरही, कारण समुद्रापलीकडून पैसे मोजून तिने ते कापड घडी मोडून वापरायला काढलं, आणि मी घरात असून मला ते कोणी दाखवलं नाही. आईसुद्धा तिकडेच मोकळी झाली. तिकडे 'काहून' म्हटल्यावर कोणी आडनाव विचारत नाही ना.

हे सगळं मी मनात पंधरा दिवस घोळवलं. रविवारी दार लोटलेलं असायचं, मी बाहेर जमिनीवर बसायचे आणि मांडीवर वही. पोहे करता करता पप्पा बघायचे. आंघोळीला गेले की गीझरच्या आवाजात मी वाक्यं म्हणून बघायचे. माझ्या तोंडून ती इतकी वाईट यायची की मलाच हसू यायचं. तनया पाच महिने पुढे होती. असू दे. ती तेवढे महिने शिकली, मी तर त्या पोटातून आले आहे.

काल रात्रीच्या जेवणाला पप्पांनी मोबाइल काढला. दसऱ्याची सुट्टी जवळ आली होती आणि लक्ष्मीनगरच्या क्लासचा मेसेज होता. बोर्डासाठी दहा दिवसांचा क्रॅश कोर्स, सकाळी नऊ ते दोन. "संबोधीचं नाव घालून टाकतो," ते म्हणाले. "इकॉनॉमिक्स जरा कच्चं आहे तिचं."

"घाला," आई म्हणाली. "बोर्डाचं वर्ष आहे, उगीच कुठे जाणं नको."

मी उठून उभी राहिले. हात धुतलेले नव्हते, बोटांना वरण होतं.

"मी नाई जात कोर्सले," मी म्हटलं. "सुट्टीत मी वैजयंती आजीकडं जाऊन रायली. मी फोन केल्ता त्याईले. त्या म्हने ये."

पप्पांचा घास हातात थांबला. आईने सवयीने तोंड उघडलं, माझं वाक्य सुधारायला, आणि ते तसंच उघडं राहिलं.

"दसऱ्याले दीक्षाभूमीवर जाऊ म्हनता ना दर वर्षी? मंग या वर्षी जाऊ. तिथून मी आजीकडं, सात दिस. पुस्तकं घेऊन जातो सारे, पप्पा, फेल नाई होत मी. आजीचा अर्ज पुना भरायचा हाय आन् या बारीनं त्याईले जसं बोलायचं हाय तसंच बोलतीन त्या, मी काई शिकवत नाई, मीच शिकून येतो. आन् आई, तू बी येऊन रायली. मले तुह्या बापाचं जिनिंग पाह्याचं हाय, जिथं तू बुढी होऊन घरी जात होती. तनयाले सांगतलं ना तू, आता मले सांग. तीन तिकिटं काढा पप्पा, कन्फर्म भेटली तं ठीक, नाई तं वेटिंगवर. आन् त्या मंडळात पुढच्या बारीनं मी बोलीन, असंच बोलीन. लोकं हासतीन तं हासू द्या."